सोलापुरातून मालिकांतील चरित्र भूमिकांकडे : नवोदितांसाठी मार्गदर्शन

मालिकेत नायक-नायिकेच्या भोवती जी माणसे वावरतात, म्हणजे काका, आत्या, शेजारीण, वकील, सरपंच, पोलीस निरीक्षक, कारखान्यातला मुकादम, त्यांच्या भूमिकांना आपल्याकडे चरित्र भूमिका म्हणतात. मी स्वतः अशाच भूमिका करीत आलो आहे आणि सोलापुरात तरुण मुलामुलींना अभिनय शिकवतो. नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न पोर्टफोलिओ कोणाकडून काढून घ्यावा हा असतो. या लेखात छायाचित्रांचा विषय मुद्दामच उशिरा येणार आहे. कास्टिंग करणाऱ्यांकडे, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांकडे, चेहऱ्यांची वानवा नसते. चार ओळींची भूमिका दिली असता ती पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये, कोणाचा खोळंबा न करता नीट करून देणारा माणूस मात्र त्यांना सतत हवा असतो. तो माणूस सोलापुरात राहून कसा घडवता येईल, याच क्रमाने पुढील पायऱ्या मांडल्या आहेत.

पहिली पायरी : कामाचे स्वरूप ओळखणे

चरित्र भूमिकांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारातील पात्र कथेत महिनोन्महिने राहते, उदाहरणार्थ नायिकेचे वडील किंवा वाड्यातील जुना दिवाणजी. दुसऱ्या प्रकारातील पात्र एका दिवसापुरते किंवा एखाद्या ट्रॅकपुरते, म्हणजे उपकथानकापुरते, येते, जसे की दवाखान्यातला डॉक्टर, तक्रार लिहून घेणारा हवालदार, मुलगी पाहायला आलेल्या कुटुंबातील मामा. नवोदिताला सुरुवातीला काम मिळते ते बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचे, आणि ते कमी प्रतीचे आहे असे मानणारा पुढे टिकत नाही. ही नायकपदाकडे जाणारी पायरी आहे, असेही समजू नये; हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्यात साठी ओलांडल्यावरही काम मिळू शकते.

एक सराव आजपासूनच सुरू करता येईल. कोणत्याही मालिकेचा एक भाग आवाज बंद करून पाहावा आणि त्या वेळी बोलणाऱ्या पात्राकडे न पाहता शेजारी नुसत्या उभ्या असलेल्या पात्राकडे लक्ष ठेवावे. तो नट ऐकतो आहे की आपली पाळी येण्याची वाट पाहतो आहे, हे काही मिनिटांतच कळू लागते. पाच-सहा माणसे एकाच दिवाणखान्यात उभी आहेत आणि कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर जातो आहे, असे प्रसंग मालिकांत वारंवार येतात. त्यामुळे चरित्र नटाच्या वाट्याला संवाद थोडे आणि ऐकणे फार, असाच हिशेब असतो.

दुसरी पायरी : उच्चार आणि निरीक्षण

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू रोज कानावर पडते, आणि वर्गातल्या मुलांपैकी अनेकांची घरची भाषा यांपैकी एखादी असते. याचा काहींना संकोच वाटतो, तो अनाठायी आहे. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्यांचे ‘ळ’ आणि ‘ण’ बहुधा चांगलेच असतात; त्यांना लक्ष द्यावे लागते ते ख, घ, ध, भ या महाप्राण व्यंजनांकडे, कारण बोलण्याच्या ओघात ‘भाऊ’चा ‘बाऊ’ होतो. दखनी बोलणाऱ्यांना उलट ‘ळ’ आणि ‘ण’ घोटावे लागतात. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतील दोन वेगळे ‘च’, ‘जहाज’ आणि ‘जीव’ यांतील दोन वेगळे ‘ज’ प्रत्येकानेच तपासून घ्यावेत. रोज वर्तमानपत्रातील एक बातमी मोठ्याने वाचून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी आणि आठवड्याने ती पुन्हा ऐकावी, एवढा नेम पुरेसा आहे.

मात्र प्रमाण उच्चार साधले म्हणजे सोलापुरी बोली टाकून द्यायची, असा अर्थ कोणी घेऊ नये. ‘काय करलालास बे’ म्हणणारी बोली ज्याच्या तोंडात मुळातच आहे, त्याच्याजवळ पुण्या-मुंबईच्या नटाला शिकून घ्यावी लागणारी गोष्ट आयती आहे. ग्रामीण आणि निमशहरी पार्श्वभूमीच्या मालिकांत तिचा उपयोग होतो. फक्त ती केव्हा वापरायची आणि केव्हा आवरायची, हे आपल्या ताब्यात असले पाहिजे. दिग्दर्शकाने ‘बोली कमी करा’ म्हटल्यावर ज्याला लगेच कमी करता येत नाही, त्याला बोली येते असे म्हणता येत नाही. तिची त्याला केवळ सवय आहे.

निरीक्षणासाठी या शहराइतकी सोय थोड्याच ठिकाणी असेल. पूर्व भागात यंत्रमागावर वर्षे घालवलेला कामगार बाहेर चहाच्या टपरीवरही चढ्या आवाजात बोलतो, कारण मागाच्या खडखडाटात हळू बोलण्याची सोयच नसते. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई समोरच्याशी बोलत असताना तिची बोटे थांबत नाहीत आणि नजर मात्र पानावरून उठून पुन्हा पानावर जाते. मंगळवार बाजार, एसटी स्थानक, सिव्हिल हॉस्पिटलची बाह्यरुग्ण विभागाची रांग, जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आषाढीच्या सुमारास पंढरपूरकडे जाणारे वारकरी, अशा ठिकाणी जाऊन एका वेळी एकाच माणसाची एकच गोष्ट टिपावी : पैसे मोजण्याची रीत, बसल्या जागेवरून उठण्याची पद्धत, वरिष्ठासमोर हात कुठे जातात ते. घरी येऊन ती गोष्ट स्वतःच्या अंगावर करून पाहावी. माणसाची नक्कल करून मित्रांना हसवणे हा वेगळा छंद आहे. येथे त्याच्या सवयीमागचे कारण सापडले पाहिजे. कारण सापडले की ती सवय दुसऱ्या पात्रात निराळ्या रूपाने वापरता येते.

तिसरी पायरी : रंगमंचाचा पाया

मालिकांत जायचे असले तरी नाटक करावेच, असे माझे ठाम मत आहे. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा आणि बालनाट्य स्पर्धा, कामगार कल्याण मंडळाची नाट्य स्पर्धा, महाविद्यालयीन एकांकिका आणि विद्यापीठाचा युवक महोत्सव, एवढे मार्ग सोलापूरकराला उपलब्ध आहेत. हुतात्मा स्मृती मंदिरात ज्या संस्थेचा प्रयोग असेल तिच्याकडे जाऊन, भूमिका मिळो वा न मिळो, नेपथ्य उचलण्यापासून काम करण्याची तयारी दाखवावी. अतुल कुलकर्णी यांनी सोलापुरातच नाट्य आराधना या हौशी संस्थेतून काम केले, पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून १९९५ मध्ये पदविका घेतली आणि नंतर सहाय्यक अभिनेत्यासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार दोन वेळा मिळवला. हा पुरस्कार मुख्य भूमिकेसाठीचा नव्हता, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष मी आवर्जून वेधतो.

चौथी पायरी : कॅमेऱ्यासमोरचा सराव

सर्वांत अधिक वेळ या पायरीला द्यावा. त्यासाठी एक मोबाइल, एक साधा ट्रायपॉड आणि खिडकीचा उजेड पुरतो.

दोन पात्रांचा एक पानभर प्रसंग निवडावा. तो प्रथम दोघेही पूर्ण दिसतील अशा रुंद चौकटीत चित्रित करावा. याला मास्टर म्हणतात. त्यानंतर तोच प्रसंग समोरच्याच्या खांद्यावरून आणि शेवटी फक्त चेहऱ्याच्या क्लोजमध्ये घ्यावा. आता तिन्ही चित्रफिती शेजारी ठेवून पाहाव्यात. मास्टरमध्ये ‘बाबा’ या शब्दावर कप उचलला असेल आणि क्लोजमध्ये तो दोन शब्द उशिरा उचलला असेल, तर संकलकाला ते दोन तुकडे जोडता येत नाहीत, आणि अशा वेळी छोट्या भूमिकेतील नटाचा क्लोजच कापला जातो. म्हणून हालचाल शब्दाला बांधून ठेवण्याची सवय लावावी. ही कंटिन्युइटी सांभाळण्यासाठी सेटवर सहायक दिग्दर्शक असतो, तरी आपला हात कुठे होता हे आपल्यालाच ठाऊक असलेले बरे. हालचाली मोजक्या ठेवल्या की त्या लक्षातही राहतात. अनुभवी नट प्रसंगात उगाच पाणी पीत नाहीत, त्याचे एक कारण हेच आहे.

यानंतर नजर. समोरच्या नटाचा क्लोज चालू असताना आपण कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून त्याला संवाद द्यायचे असतात, आणि ते तितक्याच जिवंतपणे द्यावे लागतात. आपला क्लोज घेताना कधी समोर कोणीच नसते, लाइट स्टँडवर चिकटवलेल्या पट्टीकडे पाहून रडावे लागते, तर कधी चौकट जुळावी म्हणून ‘थोडे चीट करा’ असे सांगून खऱ्या दिशेपेक्षा वेगळ्या दिशेला पाहायला लावतात. या सगळ्याचा सराव घरी होऊ शकतो : भिंतीवर एक खूण करावी आणि त्या खुणेशी दोन मिनिटे बोलावे. जमिनीवरच्या मार्कपाशी, म्हणजे नटाने कुठे थांबायचे ते दाखवणाऱ्या खुणेपाशी, खाली न पाहता येऊन थांबणे हेही असेच सरावाने जमते. दारापासून मार्कपर्यंतची पावले आधी मोजून ठेवावीत.

आवाजाबाबत नाटकातून आलेल्यांची हमखास गफलत होते. कपड्याच्या आत लेपल माइक असतो, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याची गरज राहत नाही. परंतु आवाज लहान करताना बहुतेकजण ऊर्जाही लहान करतात आणि प्रसंग विझतो. रागाचा संवाद शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, पण पूर्ण रागाने म्हणून पाहावा. क्लोज चालू असताना समोरच्याच्या वाक्यावर आपले वाक्य चढवू नये, अन्यथा ध्वनी वेगळा करता येत नाही.

पाठांतराची रीतही बदलावी लागेल. नाटकाची संहिता महिनाभर हातात असते. मालिकेत प्रसंगाची पाने अनेकदा त्याच दिवशी, कधी मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर मिळतात. म्हणून अनोळखी पान दहा मिनिटांत पाठ करून कॅमेऱ्यासमोर म्हणण्याचा सराव करावा. सेटवर प्रॉम्प्टिंग मिळते, परंतु त्यावर विसंबणाऱ्याचे कान प्रॉम्प्टरकडे लागतात आणि समोरच्याचे ऐकणे बंद पडते.

शेवटची गोष्ट ‘कट’ची. वाक्य संपले म्हणजे काम संपले असे समजून नवोदित चेहरा सैल सोडतो किंवा दिग्दर्शकाकडे पाहतो. प्रसंगाच्या अखेरीस रिअॅक्शनसाठी कॅमेरा चालूच असतो. ‘कट’ ऐकू येईपर्यंत पात्र सोडू नये.

पाचवी पायरी : शिक्षक निवडणे

मालिकांत काम करणारे काही चरित्र नट शिकवतातही. त्यांच्याकडे शिकण्याचा मुख्य लाभ असा, की चित्रीकरणाच्या दिवसाची घडण त्यांना आतून माहीत असते. तोटाही तेथेच आहे. शिक्षक ज्या लकबीने काम करतो तीच लकब विद्यार्थी उचलतात आणि एका वर्गातून एकाच आवाजाचे दहा नट बाहेर पडतात. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी एक तास नुसते बसून पाहण्याची परवानगी मागावी. शिक्षक स्वतः करून दाखवतो आणि ‘असे करा’ म्हणतो, की विद्यार्थ्याला प्रश्न विचारून त्याचे त्याला सापडू देतो, एवढेच त्या तासात पाहावे. विद्यार्थ्यांचे काम चित्रित करून त्यांना ते दाखवले जाते का, हेही विचारावे. जो वर्ग शुल्काबरोबर मालिकेतील भूमिकेची हमी देतो, त्याच्या पायऱ्या चढू नयेत. भूमिका देणे हे वाहिनी, निर्मिती संस्था आणि कास्टिंग यांच्या हातात असते, शिक्षकाच्या नव्हे.

लहान मुलांच्या बाबतीत मी पालकांना आणखी एक विनंती करतो. ऑडिशनला जाताना गाडीत बसून मुलाकडून वाक्ये घोटून घेऊ नयेत. घोटलेले मूल प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर वर नेते, आणि तो सूर काढून टाकायला नंतर फार वेळ लागतो.

सहावी पायरी : प्रोफाइल आणि ऑडिशन

आता छायाचित्रे. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीचे, एवढी चार साधी छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, फिल्टरशिवाय आणि जड मेकअपशिवाय काढावीत. पारंपरिक वेशातील एक जोडावे. हजारो रुपयांच्या पोर्टफोलिओतील धुरात उभ्या असलेल्या, गॉगल लावलेल्या प्रतिमेवरून आपण कोणाचे मामा शोभू हे कोणालाच कळत नाही. सोबत नाव, उंची, कोणत्या वयोगटाची भूमिका करता येईल, वास्तव्य, संपर्क क्रमांक आणि येणाऱ्या भाषा लिहाव्यात. तेलुगू-कन्नड येत असल्यास ते अवश्य लिहावे. वास्तव्य ‘मुंबई’ असे खोटे लिहू नये, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलावले तर पंचाईत होते.

मिनिटभराचा परिचय आणि एक प्रसंग, अशा दोन आडव्या चित्रफिती तयार ठेवाव्यात. हल्ली पहिली फेरी बहुधा घरून पाठवलेल्या सेल्फ टेस्टवरच, म्हणजे स्वतः चित्रित केलेल्या ऑडिशनवरच, होते, त्यामुळे सोलापुरात राहण्याचा तोटा पूर्वीइतका उरलेला नाही. मागे साधी भिंत असावी, पंखा बंद असावा, समोरचे संवाद देणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी जवळ उभा असावा आणि त्याचा आवाज आपल्यापेक्षा मोठा येऊ नये. चित्रफीत पाठवल्यावर रोज विचारणा करू नये. उत्तर न येणे हाच बहुतेक वेळा नकार असतो.

भूमिकेसाठी नोंदणी शुल्क, कार्डाचे पैसे, पोशाखाची अनामत अशा नावांनी कोणी आधी पैसे मागितले, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्याच्याकडून घेतले जात नाहीत. प्रत्यक्ष ऑडिशनसाठी एकटे, रात्री किंवा हॉटेलच्या खोलीत बोलावणे आले, तर मालिकेचे आणि निर्मिती संस्थेचे नाव विचारून, त्या संस्थेशी थेट बोलून खात्री केल्याशिवाय जाऊ नये.

सातवी पायरी : चौदा वर्षांखालील मुलांसाठी कायदा

हा भाग पालकांनी नीट वाचावा. बालकामगारविषयक केंद्रीय नियमांत २०१७ मध्ये बालकलाकारांसाठी स्वतंत्र तरतुदी करण्यात आल्या. त्यांनुसार मुलाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम करून घेता येत नाही. चित्रीकरण ज्या जिल्ह्यात होणार तेथील जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने आधी घ्यावी लागते आणि पालकांची संमती त्यासोबत जोडावी लागते. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही, शाळेच्या अभ्यासात खंड पडणार नाही अशी सोय करावी लागते, आणि पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या कमाईपैकी किमान २० टक्के रक्कम त्याच्याच नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून थेट जमा झाली पाहिजे. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही, हेही नियमातच आहे. म्हणजे मूल ‘मला नको’ म्हणाले, तर त्या ‘नको’ला कायद्याचे पाठबळ आहे.

परवानगीची प्रत मागितल्याने काम जाईल, या भीतीने पालक गप्प बसतात. प्रत मागावी. जी निर्मिती संस्था प्रत दाखवायला तयार नसते, तिच्या सेटवर मुलाला सोडण्यात शहाणपण नाही.

आठवी पायरी : पहिला दिवस आणि व्यवहार

काम निश्चित झाल्यावर दिवसाचे मानधन, किती दिवसांचे काम, प्रवास व निवास कोणाकडे, आणि पैसे केव्हा मिळणार, या चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. किमान व्हॉट्सअॅपवर तरी. मालिकांत मानधन कामानंतर साधारण तीन महिन्यांनी खात्यात जमा होण्याची रीत आहे. त्यामुळे पहिल्या भूमिकेच्या भरवशावर सोलापुरातील नोकरी सोडू नये आणि मुंबईत खोलीची अनामतही भरू नये. पॅन कार्ड आणि बँक खात्याचा तपशील तयार ठेवावा. मानधनातून टीडीएस कापला जातो, त्याची नोंद आपल्या पॅनवर झाली आहे की नाही हे वर्षअखेरीस पाहावे. प्रत्येक दिवसाची तारीख, मालिका आणि कामाचे तास एका वहीत लिहून ठेवावेत. तीन महिन्यांनी हिशेब विचारताना तीच वही कामी येते.

सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उतरणे सोयीचे वाटते, पण गाडीला उशीर झाला तर संपूर्ण युनिट खोळंबते. सकाळचा कॉल, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे. चित्रीकरण कोठे आहे हेही आधी नीट विचारून घ्यावे, कारण मालिकांचे सेट गोरेगावच्या चित्रनगरीत असतात तसे ठाण्यात, मीरा रोडला आणि कोल्हापुरातही असतात. आपले रोजचे वापरलेले दोन-तीन साधे कपडे बरोबर न्यावेत, कारण एका दिवसाच्या पात्राला वेशभूषा विभागाकडून मापाचे कपडे मिळतीलच असे नाही.

सेटवर बारा तासांच्या पाळीत प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोरचा वेळ तासाभराचाही नसू शकतो. उरलेला वेळ बोलावले तर ऐकू येईल इतक्या अंतरावर काढावा, दूर जायचे असल्यास सहायकाला सांगून जावे. स्पॉटदादांपासून प्रकाशयोजना पाहणाऱ्यांपर्यंत सर्वांची नावे विचारून घ्यावीत. मुख्य कलाकारांसोबत छायाचित्र काढण्याची घाई करू नये. सेटवरील पोशाखाचे किंवा प्रसंगाचे छायाचित्र भाग प्रसारित होण्याआधी स्टेटसला ठेवणे तर पूर्णपणे टाळावे; कथा फुटली की पुढच्या कामाचे दार तेथेच बंद होते. काम संपल्यावर माइक परत करावा, पोशाख घडी घालून द्यावा आणि दिग्दर्शकाला सांगून निघावे.

भाग प्रसारित होईल त्या दिवशी आपला प्रसंग कापून स्वतंत्र जपून ठेवावा, जुन्या सेल्फ टेस्टऐवजी तो प्रोफाइलला जोडावा, आणि ज्या कास्टिंगवाल्यांनी पूर्वी उत्तर दिले नव्हते त्यांनाही तो एकदाच, दोन ओळींच्या निरोपासह पाठवावा.